अकरा हेल्मेटांचा उन्हाळा

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही डोंबिवलीला दातार सरांच्या गच्चीवर दोर तपासायला जमतो. सकाळी सातलाच यावं लागतं, कारण नऊनंतर गच्चीची लादी पाय ठेवू देत नाही. दोराचं एक टोक मांडीवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि दोर दोन्ही हातांच्या बोटांतून वीत-वीत पुढे सरकवायचा. वरचं रंगीत कव्हर डोळ्यांना धडधाकट दिसतं. आतला गाभा कुठे चेपलाय, कुठे पोकळ झालाय, ते फक्त बोटांना लागतं. त्या वेळात कोणी कोणाशी बोलत नाही. दोर धुतलेले असतात, तरी त्यांना गेल्या पावसातल्या मातीचा वास येतो. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुरडयांचा चीक शिजवत असतं, त्याची वाफ वर येते. बोटं आपलं काम करत राहतात आणि मन मोकळं सुटतं. माझं तर दर वर्षी एकाच उन्हाळ्यात जाऊन बसतं.

तो कोरोनाचा दुसरा उन्हाळा होता.

आमचा ग्रुप म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली वीस-पंचवीस माणसं. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एकजण खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. सुट्टीला डोंगर चढतो. आणि पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे घाटाखाली कोणी पडलं, अडकलं, दरडीत सापडलं, की पोलिसांकडून नाहीतर गावातून फोन येतो, तेव्हा रजा टाकून जातो. दातार सर आमच्यातले सगळ्यात मोठे. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत.

मी शहाडची. चाळीत वाढले. वडील तिथल्याच एका कारखान्यात होते, आई चार घरची कामं करायची. आमच्या घरात, आणि वडिलांची गावाकडची सगळी भावकी धरूनही, कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मीच. हे मी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. लाजायचं काय त्यात? पुढे परीक्षा देऊन ठाण्याला सरकारी ऑफिसात लागले. डोंगराचा नाद कॉलेजात लागला आणि तो आईला कधीच पटला नाही. पलीकडच्या गावाला जायचं असेल तर डोंगर चढावा, हे तिला समजायचं. वर जाऊन परत त्याच वाटेने खाली यायचं याला तिच्याकडे एकच शब्द होता, रिकामटेकडेपणा.

त्या उन्हाळ्याच्या आदल्या पावसात डोंगरावर जायला बंदी होती. तरी कल्याणची चार पोरं पहाटे बाइकवरून घाटाखाली गेली आणि धबधब्याच्या वाटेला लागली. वाटेवर वरून दरड सुटली. एकाच्या मांडीचं हाड मोडलं, तिघं कड्याला चिकटून ओरडत बसले. आम्हाला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. गाड्या काढून, सामान भरून, नाक्यानाक्यावर पोलिसांना कागद दाखवत पोचायला आम्हाला तीन तास लागले. तोवर खालच्या पाड्यातली माणसं वर जाऊन त्या पोराला निम्म्या वाटेवर घेऊन आलीसुद्धा होती. एक बांबू, त्याला झोळीसारखी बांधलेली गोधडी आणि पुढेमागे खांदे. पुढचा खांदा बुधाजीचा.

बुधाजी ठाकूर समाजातला, चाळिशीचा, बुटका आणि घट्ट माणूस. भात लावतो, उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम करतो. मी त्याला उतरताना बघत होते तेवढ्यात वरून नारळाएवढा दगड आला आणि त्याच्या डोक्याला घासून गेला. बुधाजी जागच्या जागी बसला. बांबू मात्र सोडला नाही. कानाच्या वरून टाळूपर्यंत चिरलं होतं. त्याने मागे बघून विचारलं, "कोणी मारलं रे?"

आम्ही सगळे धावत गेलो. त्याच्याभोवती ओणवे झालो तेव्हा मला दिसलं की आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे. लाल, पिवळी, निळी. आणि ज्या माणसांनी पोराला दगडांखालून काढून आणलं, त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यावर काही नाही. एकाने प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पावसासाठी.

एकवीस टाके पडले.

पुढचे काही महिने दातार सर एकच गोष्ट परत परत सांगायचे. तरुणपणी ते हिमालयात गेलेले, तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर शेजारच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला होता. ते म्हणायचे, बर्फात गाडलेल्याला जिवंत बाहेर काढतो तो त्याच्या बाजूचा माणूस. त्याच्या हातात फावडं असेल तर. खालच्या छावणीतून निघालेली मदत मग पोचते, पण बहुतेक वेळा ती उचलायलाच पोचते. आपल्याकडे बर्फ नाही, पण दरडीचा हिशेब तोच. म्हणून सामान डोंबिवलीच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, ते पाड्यावर पाहिजे. हेल्मेट, दोर, घडीचं स्ट्रेचर. पुढच्या पावसाच्या आत.

सरांचं बोलणं सगळ्यांना पटलं. प्रश्न वर्गणीचा होता, आणि वर्ष कसलं होतं ते मी सांगायला नको. फोनवर दिवसभर कोणाला तरी बेड पाहिजे असायचा, कोणाला सिलिंडर. त्याच फोनवरून आम्ही लोकांना सांगायचो की डोंगरातल्या माणसांसाठी हेल्मेट घ्यायची आहेत, जमेल ते द्या. माझ्या एका मैत्रिणीने मला उत्तर पाठवलेलं, "वंदना, माझे सासरे व्हेंटिलेटरवर आहेत." बाकी काही लिहिलं नव्हतं. मी ते वाचलं आणि दोन दिवस कोणालाच मेसेज केला नाही. माणसं घरात गुदमरत असताना डोंगरावरच्या दगडांचं बोलायचा आपल्याला काय हक्क, असं वाटायचं. आणि लगेच बुधाजीचं डोकं आठवायचं. पाऊस काही रोगराई बघून थांबणार नव्हता. आणि बंदीच्या वर्षात पोरं चोरून जातात, हे आम्ही बघितलेलंच होतं.

मग आम्ही एक मोठा शहाणपणा केला.

मार्च सरताना, निर्बंध परत आवळायच्या जरा आधी, दातार सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका सोसायटीत प्रात्यक्षिक ठरवलं. लोकांना डोळ्यांनी दिसलं की देतील, असा विचार. दुसऱ्या एका ग्रुपकडून स्ट्रेचर मागून आणलं. आमचा डेपोतला मेकॅनिक त्याच्यावर जखमी म्हणून झोपला. ऊन होतं म्हणून आम्ही त्याला चादर घातली, तोंडावरून. आम्ही चौघांनी मास्क, हातमोजे, हेल्मेट घातले आणि स्ट्रेचर उचलून फाटकातून आत शिरलो.

वॉचमन खुर्ची सोडून मागे सरकला तो सरळ मीटरच्या खोलीत. आधी एक खिडकी लागली, मग दुसरी, मग सगळ्या इमारतीच्या खिडक्या लागत गेल्याचा आवाज आला. अंगणात खेळणारी मुलं कोणीतरी दंडाला धरून आत ओढली. सेक्रेटरी जिन्यात उभे राहून, खाली न येता, अगदी हळू आवाजात विचारत होते, "कुठल्या मजल्यावरचं गेलं?" आमच्या मेकॅनिकला वाटलं आपण खुलासा करावा. तो चादर बाजूला करून उठून बसला. पहिल्या मजल्यावरच्या बाई ज्या किंचाळल्या, त्यांना मुलीने धरून आत नेलं. त्यांच्या यजमानांना दहा दिवसांपूर्वी असेच चौघे घेऊन गेले होते. परत आणलं नव्हतं.

आम्ही स्ट्रेचरची घडी केली आणि सगळ्यांची माफी मागून निघालो. आमच्या डोळ्यांना स्ट्रेचर म्हणजे जीव वाचलेला माणूस. इतकी वर्षं आम्ही तेच बघत आलो. लोक वर्षभर खिडकीतून काय बघतायत, ते आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

एप्रिल आला. चाळीत दर वर्षी या दिवसांत जयंतीची धामधूम असते, निळ्या पताका, रात्री उशिरापर्यंत स्पीकरची तपासणी. त्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या घरात मेणबत्ती लावली आणि दार ओढून घेतलं. दुपारी चाळ इतकी गप्प असायची की नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू यायचं. कैऱ्या स्वस्त होत्या, घ्यायला कोणी बाहेर पडत नव्हतं. मी ओळखपत्र गळ्यात घालून ठाण्याला जायचे, यायचे, अंघोळ करायचे, मग आईला हात लावायचे.

अशात दातार सरांना ठाण्यातल्या एका साहेबांचा निरोप आला. साहेबांची स्वतःची संस्था आहे, दरवर्षी बरंच काही वाटतात. आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. माणूस चांगला, हे मी आजही म्हणते. सगळं ऐकून घेतलं, बुधाजीच्या टाक्यांचा फोटो बघून डोळे मिटले, आणि म्हणाले, हेल्मेट, दोर, स्ट्रेचर, सगळं देतो, पावसाच्या आत देतो. फक्त छोटासा कार्यक्रम करू. गर्दी नको, पाड्यावरची पाच माणसं बोलवा, मी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवतो. बॅनर त्यांनी करूनच ठेवला होता. मोबाइलवर दाखवला. गरीब आदिवासी बांधवांना जीवरक्षक साहित्य वाटप.

मी नववीत असताना कल्याणच्या एका हॉलमध्ये मला अशाच वह्या मिळाल्या होत्या. माइकवरून नाव पुकारलं, पुढे म्हणाले, गरीब व होतकरू विद्यार्थिनी. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले होते. ते पुकारलं नाही. वह्या हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, मी बघितलं. फोटो पेपरात आला आणि कोणीतरी तो कापून वर्गाच्या फळ्याशेजारी चिकटवला. वह्या मी शेवटच्या पानापर्यंत वापरल्या. कागदाचा काय दोष? पण त्यानंतर मी कुठल्याही स्टेजवर काही घ्यायला चढले नाही. शिष्यवृत्ती घेतली ती खिडकीतून, सही करून, माझ्या मार्कांवर.

साहेबांना मी म्हटलं, "ते गरीब आहेत म्हणून आम्ही मागत नाही आहोत. आमच्या आधी तेच पोचतात, म्हणून मागतोय."

साहेब हसले. "ताई, बॅनरवर एवढं सगळं मावत नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं, आणि उठले.

खाली येईपर्यंत माझे कान गरम होते. आतून मात्र फार बरं वाटत होतं, एवढ्या वर्षांनी नववीतल्या त्या मुलीच्या वतीने कोणीतरी बोललं असं. दातार सर स्कूटरचा आरसा पुसत होते. त्यांनी मला रागावलं नाही. एवढंच म्हणाले, "तू बोललीस त्यात गैर काही नव्हतं. पण वंदना, पाऊस पाच आठवड्यांवर आलाय."

पुढच्या रविवारी मी स्कूटी काढली आणि पाड्यावर गेले. मुरबाडचा रस्ता आमच्या शहाडवरूनच जातो, पण तो इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. मुरबाड सोडलं की राबाचा वास सुरू होतो. पेरणीच्या आधी शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पसरून जाळतात, तो धूर सगळ्या माळावर खालून-खालून वाहत असतो. करवंदं काळी झाली होती आणि घेणारं कोणी नव्हतं. शहरातून गाड्याच येत नव्हत्या. रस्त्याकडेला एक म्हातारी पानांचे द्रोण भरून बसली होती. मी तीन द्रोण घेतले तर तिने चौथा आपणहून दिला.

बुधाजी घर शाकारत होता. छपरावर बसून जुना पेंढा उपसून खाली टाकत होता. खाली उतरला. जखमेच्या रेघेवर केस आले नव्हते, डोक्यावर पायवाट पडल्यासारखी दिसत होती. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी ओटीवर बसून सगळी हकिगत सांगितली. साहेब, बॅनर, त्यावरचा शब्द, मी काय म्हटलं, कशी उठले. जरा रंगवूनच सांगितली असेन. मला वाटलं होतं तो हसेल, किंवा निदान मान डोलवेल.

त्याने चहा संपवला. कप ओटीच्या कडेला उपडा ठेवला.

"ताई, तू मला इचारलं का?"

मी माझाही कप खाली ठेवला.

"फोटूनं डोकं नाय फुटत. दगडानं फुटतं."

आवाज चढलेला नव्हता. उलट मला वाईट वाटू नये म्हणून तो जपून बोलत होता, आणि त्यानेच जास्त लागलं. मी विचारलं, या पावसात फोन आला तर जाणार का? तर म्हणाला, जाणारच. वरनं माणूस वरडतंय आन आपण भाकरी खात बसायचं, असं कसं? मग पेंढ्याची मोळी खांद्यावर घेऊन तो परत शिडी चढला. काम सोडून बोलत बसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

परत येताना मला ऊन लागत होतं की लाज, सांगता येत नाही. नकार माझा होता. त्याचं ओझं मी त्याच्या डोक्यावर टाकून आले होते, आणि तेही त्याच्या मानासाठी लढले म्हणून खूश होऊन. मान त्याचा, डोकं त्याचं, पण ठरवलं मी. साहेबांनीही तेच केलं होतं. त्यांच्यात आणि माझ्यात त्या दिवशी फारसा फरक नव्हता. त्यांच्याकडे निदान हेल्मेट होती.

मुरबाड नाक्यावर थांबून मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, माझं चुकलं, कार्यक्रम करू. ते नीट बोलले. म्हणाले, ताई, ती रक्कम याच आठवड्यात ऑक्सिजनच्या मशीनला गेली, परिस्थिती बघताय ना. पुढल्या वर्षी नक्की. राग धरायला त्यांनी जागाच ठेवली नाही. पुढे कळलं, आमच्या ऑफिसातल्या शिपायाची आई त्यातल्याच एका मशीनवर बारा दिवस होती. वाचली. आता सांगा, कोणाचं काय चुकलं?

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. एरवी डोंगराचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला घेते. त्या दिवशी बसून राहिली. टाके किती पडलेले, ते विचारलं. घरात किती माणसं, ते विचारलं. मग म्हणाली, चाळीत माग.

मी म्हटलं, मी दारोदार हात पसरणार नाही. वह्यांचा विषय मी काढला नाही, पण तिला कळलं. त्या हॉलमध्ये तीही होती, मागच्या रांगेत.

"तुझा बाप दर वर्षी याच दारांत उभा राहायचा," आई म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घालून, पावतीपुस्तक घेऊन. जयंतीची वर्गणी द्या म्हणायचा. तो काय भिकारी होता?"

मला ते आठवत होतं. पप्पा दारात उभे राहिले की लोक आधी बसा म्हणायचे, मग पाणी द्यायचे, मग घरातली बाई डब्यातून पैसे काढता काढता मंडळाच्या कारभारावर दोन शिव्या हाणायची. पप्पा हसत पावती फाडायचे. ज्याने दिलं त्याचं मंडळ व्हायचं, म्हणून तर शिव्या द्यायचा हक्क. पप्पांची मान कधी खाली गेलेली मी पाहिली नाही. मी इतकं शिकले आणि वर्गणी आणि वाटप यातला फरक मला घरकामं करणाऱ्या माझ्या आईने सांगावा लागला.

संध्याकाळी पाचनंतर, मास्क लावून, आम्ही दोघी निघालो. आई दोन पावलं मागे राहिली. बोलायचं मला होतं. पहिलं दार जाधवकाकूंचं. त्यांच्या तोंडाला सगळी चाळ घाबरते.

"काय गं ऑफिसर," त्या आतूनच म्हणाल्या, "आज बरी वाट चुकलीस. जनगणना आली का?"

मी सांगितलं, हेल्मेटसाठी वर्गणी मागायला आलेय. डोंगरात माणसं अडकतात, त्यांना...

"जातात कशाला मरायला? घरात मरायची सोय नाही का सध्या?"

मी म्हटलं, काकू, जातात त्यांच्यासाठी नाही. त्यांना आणायला जे जातात, त्यांच्यासाठी. त्यांच्या डोक्यावर काहीच नसतं.

काकू थांबल्या. त्यांचे मिस्टर सफाई खात्यात होते. आयुष्यभर गटारात उतरले आणि त्या वर्षी प्रेतं उचलायच्या कामावर होते. पहिले काही आठवडे अंगावर किट म्हणून घरचाच रेनकोट. रोज रात्री तो रेनकोट चाळीच्या टोकाला दोरीवर एकटा वाळत असायचा, त्याच्या शेजारी कोणी आपले कपडे घालायचं नाही.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखेच की," काकू म्हणाल्या. आत गेल्या, डबा वाजला. हातात नोटा देताना त्यांनी मला बजावलं, चांगलं मजबूत घे, स्वस्तातलं उचलू नको, आणि घेतलंस की आणून दाखव.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही सगळी चाळ केली. कामं गेलेली, पगार अर्धे झालेले, एका घरात तर नुकतंच माणूस गेलेलं. त्या घरापुढून मी गुपचूप पुढे जात होते, तर आतल्या वहिनीने हाक मारली. आमचं दार का सोडलं म्हणून रागावल्या. कोणी टोमणा मारला, कोणी सल्ला दिला, एका आजोबांनी तर हेल्मेट बुधाजीला बसेल का, डोक्याचं माप घेतलंय का, असं विचारून मला गप्प केलं. माप घेतलं नव्हतं. मी बुधाजीला फोन करून घ्यायला लावलं. पाड्यावर सुतळीने अकरा डोकी मोजली गेली आणि बायका हसून लोळल्या, असं तो सांगत होता.

अकरा हेल्मेट आली. दोर आला नाही, स्ट्रेचर आलं नाही. हेल्मेट मी आधी चाळीत आणली, काकूंनी एक घालून पाहिलं, वरून लाटणं मारून पाहिलं, आणि पास केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पाड्यावर पोचवली. स्टेज नव्हतं. बुधाजीच्या ओटीवर ढीग होता, ज्याने त्याने आपलं उचललं.

जुलैत फोन आला. परत चोरून गेलेला एक पोरगा, परत दरड. पोलिसांनी रस्ता अडवलेला होता, आमच्या गाड्या मुरबाडलाच थांबल्या. चार तास आम्हाला काही कळत नव्हतं. दरीत मोबाइल लागत नाही. दातार सर गाडीत बसून गुडघ्यावर बोटांनी ताल धरल्यासारखं करत होते. मला खात्री वाटत होती की यावेळी काहीतरी होणार, आणि दोर नव्हता, स्ट्रेचर नव्हतं, कारण मी एका शब्दासाठी उठून आले होते. अंधार पडायच्या जरा आधी बुधाजीचा फोन आला. मी पोराचं विचारायला हवं होतं. मी विचारलं, "डोकी?"

"अकरा गेलो, अकरा आलो," तो म्हणाला. "बारावा तुमच्याकडचा. त्याचा हात मोडलाय."

मी गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन पावसात उभी राहिले.

पुढल्या वर्षी साहेबांनी शब्द पाळला. स्ट्रेचर दिलं, दोर दिले. कार्यक्रम झाला. मी बुधाजीला आधी विचारलं, तो हो म्हणाला, स्टेजवर गेला, साहेबांनी त्याच्या गळ्यात दोर घातला आणि दोघं कॅमेऱ्याकडे बघून हसले. बॅनरवरचा एक शब्द काढा एवढं मी सांगितलं होतं, साहेबांनी काढला. मी खालच्या खुर्च्यांमध्ये बसून टाळ्या वाजवल्या. बुधाजीला त्या फोटोचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं. पण ते माझं मी घरी घेऊन गेले.

या वर्षी वॉकीटॉकी घ्यायच्या ठरल्यात, त्या चार तासांसारखे तास परत नकोत म्हणून. साहेब तयार आहेत. मागच्या आठवड्यात मी विचारायला पाड्यावर फोन केला. कार्यक्रम म्हणतायत, बॅनर असेल, चालेल का? बुधाजी म्हणाला, मला नको इचारू, आता वर जाणाऱ्यांत पोरी पण हायत. आणि त्याने फोन कविताकडे दिला.

कविता त्याची थोरली. मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि दोन पावसाळे झाले, दोरावर बापापेक्षा भरभर उतरते. मी तिला सगळं परत सांगितलं. ती म्हणाली, "ताई, वॉकीटॉकी पाहिजेत. पण आम्ही नाही उभ्या राहणार फोटोला."

मी म्हटलं, मग वॉकीटॉकीचं कसं करायचं?

"ते बघू ना मिळून. मुरबाडच्या बाजाराला आम्ही पण उभ्या राहू, वर्गणी मागू. तुम्ही तिकडे मागा."

"बाबा काय म्हणतात?"

"ते म्हणतात, डोकं तुझं आहे, तू ठरव."

साहेबांना फोन मीच केला. कविताचे शब्द होते तसेच सांगितले, आपल्या पदरचं काही घातलं नाही. साहेब रागावले नाहीत.

"मग तिचाच नंबर द्या ना," ते म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी."

मी दिला नाही. म्हटलं, आधी तिला विचारते.